जुळलेले समीकरण आणि घडलेली अभिक्रिया

रसायनशास्त्राचे जे शिक्षण आपल्या शाळांतून आणि कनिष्ठ महाविद्यालयांतून दिले जाते, त्यात समीकरणाचा समतोल साधणे या एका कौशल्याला इतके मानाचे स्थान मिळाले आहे, की बाणाच्या दोन्ही बाजूंस अणूंची संख्या सारखी आली म्हणजे समीकरण खरे ठरले, अशी समजूत विद्यार्थ्यांच्या, आणि पुष्कळदा त्यांचे पेपर तपासणाऱ्यांच्याही, मनात घर करून बसलेली आढळते. समतोल ही समीकरणाच्या सत्यतेची आवश्यक अट आहे यात वाद नाही. परंतु ती पुरेशी अट नाही, ही गोष्ट वर्गात क्वचितच सांगितली जाते आणि परीक्षेत तर कधीच विचारली जात नाही. अवक्षेपणाच्या अभिक्रिया शिकविताना ज्याला आपण निव्वळ आयनिक समीकरण म्हणतो, त्याला आज धड्याच्या शेवटी, वेळ उरलाच तर उरकून टाकण्याच्या मजकुराची जागा मिळते. ती बदलून ते धड्याच्या आरंभी आणावे, आणि पूर्ण रेणूंचे लांबलचक समीकरण त्याच्या मागून यावे, अशी माझी शिफारस आहे. तिची कारणे येथे थोड्या विस्ताराने मांडावयाची आहेत.

प्रथम एक अगदी साधा दाखला घेऊ. मिठाचे म्हणजे सोडिअम क्लोराइडचे सौम्य द्रावण आणि सोऱ्याचे म्हणजे पोटॅशिअम नायट्रेटचे सौम्य द्रावण एका चंचुपात्रात ओतले, आणि दहावीच्या एखाद्या हुशार विद्यार्थ्याला त्याचे समीकरण लिहावयास सांगितले, तर तो दुहेरी विस्थापनाचा नियम आठवून, धातूंची अदलाबदल करून, उजवीकडे सोडिअम नायट्रेट आणि पोटॅशिअम क्लोराइड लिहून मोकळा होईल. अणू मोजून पाहावेत तर ते काटेकोर जुळतात, आणि तरीही त्या चंचुपात्रात लिहिल्याप्रमाणे काहीएक घडलेले नसते. अवक्षेप नाही, रंगात पालट नाही, तपमानात म्हणण्यासारखा फरक नाही. ज्याचा जमाखर्च दमडीपर्यंत जुळतो परंतु ज्यातील व्यवहार मुळात झालेलाच नाही, अशा खोट्या खातेवहीसारखे हे समीकरण आहे. याउलट त्याच मिश्रणाचे आयनिक समीकरण लिहावयास बसले, तर डावीकडे सोडिअम, क्लोराइड, पोटॅशिअम आणि नायट्रेट हे चार आयन येतात, उजवीकडेही तेच चार येतात, आणि दोन्ही बाजूंस जे समान ते वगळल्यावर कागद कोरा राहतो. तो कोरा कागदच अचूक उत्तर होय. सेंट पीटर्सबर्गच्या जर्मेन हेस याने 1840च्या दशकात असे नोंदवून ठेवले होते, की उदासीन क्षारांची सौम्य द्रावणे एकत्र केली आणि अवक्षेप पडला नाही, तर उष्णतेची देवघेव होत नाही; परंतु असे का व्हावे याचा उलगडा त्या काळी कोणाजवळ नव्हता. आज तो त्या कोऱ्या कागदात आहे.

आता जेथे खरोखर काही घडते असे उदाहरण पाहू, आणि तेही अशा निवडीने, की वगळावयाचे काय ते डोळ्यांनाच दिसावे. आपल्या पुस्तकांत सहसा सिल्व्हर नायट्रेट आणि सोडिअम क्लोराइड यांची जोडी येते. ती उत्तम आहे, परंतु तिच्यातील सर्व द्रावणे रंगहीन असल्यामुळे अवक्षेपाखेरीज मागे काय राहिले, याविषयी विद्यार्थ्याची दृष्टी त्याला काहीच सांगत नाही. त्याऐवजी मोरचुदाचे म्हणजे कॉपर सल्फेटचे फिकट निळे द्रावण परीक्षानळीत घेऊन त्यात बेरिअम क्लोराइडचे द्रावण थेंबाथेंबाने सोडावे. पहिल्या थेंबालाच पांढरा धुरकटपणा उमटतो, तो पाहता पाहता दाट होतो, आणि नळी स्टँडवर काही वेळ स्वस्थ ठेवली म्हणजे बारीक पांढरी पूड तळाशी बसते. वरचे पाणी निवळते, ते मात्र निळेच्या निळे राहते. हा निळा रंग तांब्याच्या आयनाचा आहे. तो मिसळण्यापूर्वी होता आणि नंतरही आहे. मध्यंतरी जे घडले त्याच्याशी त्याचा काही संबंध आला नाही. क्लोराइडचा आयनही तसाच अलिप्त राहिला, फक्त त्याला रंग नसल्यामुळे तो आपल्याला दिसत नाही. उरली ती हकिगत एका ओळीची आहे:

बेरिअम आयन + सल्फेट आयन → बेरिअम सल्फेट (घन)

मोरचुदाऐवजी सोडिअम सल्फेट घ्या, मॅग्नेशिअम सल्फेट घ्या किंवा सौम्य गंधकाम्ल घ्या. बेरिअम क्लोराइडऐवजी बेरिअम नायट्रेट घ्या. पूर्ण समीकरणे दर वेळी निराळी लिहावी लागतील, परंतु ही एक ओळ बदलणार नाही. जो विद्यार्थी ही आठ समीकरणे निरनिराळी पाठ करतो आणि जो ही एक ओळ समजून घेतो, त्या दोघांना आज आपली परीक्षा सारखेच गुण देते.

या ओळीतील तत्त्व त्याचा सिद्धांत जन्मास येण्याच्या कितीतरी आधी व्यवहारात उतरले होते, आणि तेही टांकसाळीसारख्या चोख हिशेबाच्या जागी. रुप्याच्या नाण्याचा कस पाहण्याची जुनी रीत अशी होती, की नाण्याचा तुकडा शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या मुशीत तापवावयाचा, हीण जळून मुशीत शोषले गेले म्हणजे उरलेल्या शुद्ध रुप्याचे वजन करावयाचे. या रीतीत थोडे रुपेही हरवत असे, आणि लक्षावधी नाण्यांच्या व्यवहारात त्या थोड्याचे मोल मोठे होत असे. फ्रान्सच्या टांकसाळीसाठी गे-ल्यूसॅक याने 1832 साली जी नवी पद्धत प्रसिद्ध केली, तिचे साधन होते साधे मीठ. नाण्याचा वजन केलेला तुकडा नायट्रिक आम्लात विरघळवावयाचा; त्यातील रुप्याबरोबर हिणाचे तांबेही विरघळून द्रावण निळसर होते. मग त्यात ठरावीक तीव्रतेचे मिठाचे पाणी मापून घालावयाचे. रुप्याचा पांढरा अवक्षेप पडतो, बाटलीला बूच लावून ती जोराने हलविली म्हणजे तो दह्याच्या कवडीसारखा गोळा होऊन खाली बसतो, आणि निवळलेल्या पाण्यात पुढील थेंब टाकल्यावर धुरकटपणा येईनासा झाला, की रुपे संपले असे समजावयाचे. जितके मीठ लागले तितक्यावरून रुपे किती ते निघते. या सर्व खटाटोपात तांबे द्रावणात आहे तसे राहते, आणि मिठातील सोडिअमला तर कोणी विचारीतही नाही. कोणता घटक व्यवहारात आहे आणि कोणता केवळ हजर आहे, हा भेद त्या कसनिसांना हाताने कळला होता. त्याला सैद्धांतिक आधार मिळावयास पुढे अर्धशतक जावे लागले.

तो आधार ज्याने दिला त्या स्वान्ते अऱ्हेनियसची कहाणी प्रसिद्ध आहे. क्षार पाण्यात विरघळताच त्याचे घटक विद्युत्प्रभारित कणांच्या रूपाने सुटे होतात, या विचाराची बीजे असलेला प्रबंध त्याने 1884 साली उप्साला विद्यापीठात सादर केला, तेव्हा परीक्षकांनी त्याला इतकी खालची श्रेणी दिली, की त्याच्या अध्यापकीय भवितव्याचाच प्रश्न उभा राहिला. मीठ पाण्यात पडताच त्यातील सोडिअम आणि क्लोरिन परस्परांपासून सुटतात आणि तरीही पाणी शांत राहते, हे त्या काळच्या रसायनज्ञांना पटणे कठीण होते. विल्हेल्म ओस्टवाल्डने मात्र त्या प्रबंधाचे मोल ओळखले. 1887 साली अऱ्हेनियसने आपला सिद्धांत पूर्ण स्वरूपात मांडला, आणि 1903 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ओस्टवाल्डने 1894 साली विश्लेषक रसायनशास्त्राच्या मूलतत्त्वांवर जे पुस्तक लिहिले, त्यात प्रयोगशाळेतील कसोट्यांची सारी मांडणीच आयनांच्या पायावर केली. म्हणजे क्लोराइडची कसोटी ही मिठाची कसोटी नसून क्लोराइड आयनाची कसोटी आहे, हे शास्त्राच्या दफ्तरी नोंदले जाऊन सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला. आपल्या प्रयोगशाळांतील जर्नलांत मात्र ‘सॉल्ट अॅनालिसिस’च्या नावाखाली निरीक्षण, अनुमान आणि ‘पांढरा अवक्षेप’ ही त्रयी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जशीच्या तशी उतरत आली आहे.

कोणी म्हणेल, की वगळणे ही तर यांत्रिक क्रिया आहे. दोन्ही बाजूंस समान दिसले ते खोडावे, यात बुद्धीचे काम कोठे आहे? हा आक्षेप घेणाऱ्याने ते समीकरण स्वतः लिहून पाहावे. खोडण्यापूर्वी सुटे करावे लागते, आणि काय सुटे करावयाचे व काय अखंड ठेवावयाचे याचा निवाडा पदार्थाच्या स्वभावाचे ज्ञान असल्यावाचून होत नाही. पाण्यात विरघळणारा क्षार आणि तीव्र आम्ल सुटे लिहावे. अवक्षेप, वायू आणि पाणी अखंड लिहावे. आणि दुर्बल आम्ल किंवा दुर्बल आम्लारी, विरघळत असले तरी, अखंडच लिहावे, कारण त्यांचा फार थोडा अंश आयनांत विभागलेला असतो. फेरिक क्लोराइडच्या द्रावणात अमोनियाचे पाणी घातले म्हणजे तांबूस तपकिरी, चिकट लगद्यासारखा फेरिक हायड्रॉक्साइड खाली बसतो. येथे कॉस्टिक सोड्याच्या सवयीने केवळ ‘फेरिक आयन आणि हायड्रॉक्साइड आयन’ असे लिहून थांबणारा विद्यार्थी अर्धाच व्यवहार सांगतो. पाण्यात अमोनियाचे रेणू बहुतांशी अखंड असतात, म्हणून डावीकडे अमोनिया आणि पाणी यावयास हवे व उजवीकडे अवक्षेपाबरोबर अमोनिअम आयन. एकटा क्लोराइड तेवढा बाहेर राहतो. तसेच बेरिअम क्लोराइड सुटे करताना दोन क्लोराइड आयन लिहावयाचे सोडून त्यांची जोडी बांधून ठेवणारे विद्यार्थी दर वर्गात भेटतात. सूत्रातील दोनचा आकडा आणि द्रावणातील दोन स्वतंत्र कण यांतील फरक त्यांना कोणी दाखविलेला नसतो. शिवाय या समीकरणात अणूंबरोबर विद्युत्प्रभाराचाही मेळ बसावा लागतो, त्यामुळे चूक लपून राहावयास एक जागा कमी होते. आणि मोरचुदाच्या द्रावणात बेरिअम हायड्रॉक्साइड घातले, तर खोडावयास काहीच मिळत नाही: तांबे हायड्रॉक्साइड होऊन आणि बेरिअम सल्फेट होऊन, दोन्ही एकदमच खाली बसतात. समान दिसेल ते खोडण्याची सवय झालेला विद्यार्थी येथे गोंधळतो. विचार करणारा गोंधळत नाही.

या निवाड्याचे महत्त्व परीक्षेच्या हॉलपुरते आहे असेही नाही. जठराची क्ष-किरण तपासणी करताना रुग्णाला बेरिअम सल्फेटचा पांढरा घोळ पाजतात, हे अनेकांच्या अनुभवाचे आहे. बेरिअमचा आयन शरीरात शोषला गेला तर तो विषारी असतो; स्नायूंवर आणि हृदयाच्या गतीवर त्याचा घातक परिणाम होतो. तरीही तो घोळ निर्धोक असतो, कारण बेरिअम सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, लिटरमागे दोनतीन मिलिग्रॅम इतकेच, आणि जठरातील आम्लानेही त्याचे म्हणण्यासारखे काही बिघडत नाही. बेरिअम कार्बोनेट हेदेखील पांढरे, हेदेखील पाण्यात अविद्राव्य. परंतु 2003 साली ब्राझीलमध्ये या तपासणीच्या औषधात बेरिअम कार्बोनेट मिसळलेले निघाले आणि रुग्ण दगावले. ‘अविद्राव्य’ या रकान्यात दोघांची नावे शेजारीशेजारी वाचणाऱ्याला हा अनर्थ अतर्क्य वाटेल. ज्याने समीकरण लिहिले त्याला तो तत्क्षणी दिसेल: कार्बोनेटला जठरातील हायड्रोजन आयन भेटतो, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन तो भाग निघून जातो, आणि मागे उरतो तो मोकळा बेरिअम आयन. सल्फेट हे तीव्र आम्लाचे अपत्य असल्यामुळे हायड्रोजन आयनाच्या हाती असे सहजासहजी लागत नाही. कोणाशी गाठ पडल्यावर काय सुटे होईल, हा प्रश्न विचारण्याची सवय हेच त्या एका ओळीचे खरे शिक्षण होय.

हीच सवय अक्षरओळख नसलेल्या शहाणपणातही आढळते. नाशिक आणि सांगलीकडील द्राक्षबागांतून बोर्डो मिश्रण फवारले जाते, तेव्हा मोरचूद आणि चुना निरनिराळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करतात. शेकडा एकच्या मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, सुमारे तितकाच चुना आणि शंभर लिटर पाणी असे प्रमाण रूढ आहे. चुन्यातील हायड्रॉक्साइड आयन तांब्याच्या आयनांना धरून आकाशी रंगाचा अवक्षेप घडवितो आणि तो पानावर चिकटून बुरशीला अटकाव करतो. चुना कमी पडला तर तांब्याचे मोकळे आयन द्रावणात राहतात आणि तेच पाने करपवितात. म्हणून जाणता बागाईतदार फवारणीपूर्वी घासलेला विळा किंवा लोखंडी सळई मिश्रणात क्षणभर बुडवून बाहेर काढतो; तिच्यावर तांबूस झाक आली तर आणखी चुना घालतो. ‘मोरचूद अधिक चुना’ अशी बेरीज तो पाहत नसतो. तांब्याचा आयन शिल्लक आहे की नाही एवढेच तो विळ्याला विचारतो. त्याचा मुलगा मात्र अकरावीत जाऊन कॉपर सल्फेट आणि कॅल्शिअम हायड्रॉक्साइड यांचे समतोल समीकरण पाठ करतो आणि या दोन गोष्टींचा संबंध त्याला कोणी सांगत नाही.

माझ्या शिफारशीवर एक हरकत रास्त आहे आणि तिची दखल घेतली पाहिजे. कोणत्याही भांडारात रुप्याच्या आयनाची बाटली मिळत नाही. सिल्व्हर नायट्रेटच विकत घ्यावे लागते, आणि 108 ग्रॅम रुपे हवे असेल तर 170 ग्रॅम नायट्रेटचे पैसे मोजावे लागतात. जो नायट्रेट आयन समीकरणातून वगळला, तो बिलातून वगळता येत नाही. गाळून उरलेल्या पाण्यात काय आहे, ते गटारात सोडावे की न सोडावे, हेही वगळलेल्या आयनांकडे पाहूनच ठरते. म्हणून पूर्ण समीकरणाला रजा द्यावी असे मी म्हणत नाही. वजनांचा हिशेब, खरेदी आणि विल्हेवाट यांच्यासाठी ते लागणारच. माझा आग्रह क्रमाविषयी आहे: काय घडले हे आधी समजावे, आणि ते घडवून आणण्यासाठी कोणकोणत्या बाटल्या उघडाव्या लागल्या याचा तपशील त्यानंतर यावा. आज आपण बाटल्यांच्या चिठ्ठ्या वाचावयास आधी शिकवितो, आणि घडलेली गोष्ट ही जणू एखादी पुरवणी असल्याप्रमाणे शेवटी देतो.

दुसरी हरकत वेळेची. अभ्यासक्रम मोठा, तासिका थोड्या, त्यात हे नवे ओझे कशाला, असे शिक्षक विचारतील. परंतु येथे वाढ करावयाचीच नाही. बेरिअम आणि सल्फेट यांची एक ओळ जेथे आठ समीकरणांचे काम करते, तेथे वेळ वाचतो. तो खर्च होतो पाठांतराच्या जुन्या रीतीत. नव्या उपकरणांचीही गरज नाही: मोरचूद कोणत्याही शाळेत असते, आणि बेरिअम क्लोराइड कनिष्ठ महाविद्यालयाच्या फळीवर असतेच, ते विषारी असल्यामुळे शिक्षकाने स्वतः हाताळावे, एवढी खबरदारी पुरे.

खरी अडचण प्रश्नपत्रिकेची आहे, कारण आपल्याकडे जे विचारले जाते तेच शिकविले जाते. तेव्हा बदल तेथूनच सुरू व्हावा. अवक्षेपणावरील प्रश्नांत द्रावणांची एक तरी जोडी अशी द्यावी, की जिच्यात काहीच घडत नाही, आणि ‘अभिक्रिया होत नाही’ असे कारणासह लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत. जो सुबक, समतोल, परंतु न घडलेल्या गोष्टीचे समीकरण लिहील त्याला शून्य. जेथे अभिक्रिया घडते तेथे वगळलेल्या आयनांची नावे आणि वगळण्याचे कारण लिहावयास सांगावे, आणि त्या कारणाला समीकरणाइतकेच गुण ठेवावेत. प्रात्यक्षिक परीक्षेत गाळून उरलेल्या पाण्याचा रंग कोणत्या आयनाचा, हे तोंडी विचारावे. या तीन तरतुदींना ना नवे पुस्तक लागते ना नवा निधी. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या मंडळींनी एका बैठकीत मनावर घेतले, तर येत्या वर्षीच त्यांचा अंमल होऊ शकेल. असे प्रश्न पहिल्या वर्षी कित्येकांचे चुकतील, पालकांच्या तक्रारीही येतील. त्या येऊ द्याव्यात. कारण जो विद्यार्थी आज दोन रंगहीन द्रावणांपुढे ‘येथे काही घडले नाही’ असे धीटपणे आणि साधार लिहावयास शिकेल, तोच पुढे औषधाच्या कारखान्यात, पाणी तपासणीच्या केंद्रावर किंवा स्वतःच्या बागेत, जुळलेल्या आकड्यांवर भिस्त ठेवण्यापूर्वी घडलेल्या गोष्टीची चौकशी करील.